मुंबई सिटी एफसी: विजेतेपदानंतरची घसरण

मुंबई सिटी एफसीने 4 मे 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला 3-1 असे हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेचा करंडक दुसऱ्यांदा जिंकला. मध्यंतराला संघ 0-1 ने मागे होता. दुसऱ्या सत्रात परेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब वोइटुश यांनी गोल केले. पुढच्या हंगामाआधी दियाझ आणि त्याचा सहकारी नोगेरा बेंगळुरू एफसीकडे गेले, तर मधल्या फळीचा कणा असलेला आपुइया मोहन बागानकडे गेला. परिणाम लगेच दिसला. 2024-25 च्या साखळीत 24 पैकी नऊ सामने बरोबरीत सुटले. संघ कसाबसा सहाव्या स्थानी पोहोचला आणि बाद फेरीत बेंगळुरूकडून 0-5 असा हरला. गेलेल्या खेळाडूंच्या तोडीचे पर्याय न मिळणे, हेच या घसरणीचे मुख्य कारण.