पातेरा आणि खरकटें

रत्नागिरीच्या जुन्या आळ्यांतून माघ-फाल्गुनांत सकाळच्या वेळीं एक देखावा बहुधा ठरलेला असतो. आंगण झाडून झालें कीं, आंबा, फणस, काजू यांच्या वाळलेल्या पानांचा ढीग कुंपणापाशीं लोटावयाचा आणि त्याला काडी लावावयाची. त्याच सुमारास स्वयंपाकघराच्या मागील दारीं भाजीचीं देठें, केळ्यांच्या साली, रात्रींचें शिळें अन्न, माशांचीं खवलीं असा सर्व ऐवज प्लास्टिकच्या एका पिशवींत गांठ मारून नगरपरिषदेच्या गाडीची वाट पाहत पडलेला असतो. पहिल्याचा धूर होतो व दुसऱ्याची घाण होते. एक पातेरा, दुसरें खरकटें. दोन्ही एकाच घरचीं, दोन्ही नकोशीं. पण तीं एकत्र आलीं तर दोहोंचेंही उत्तम खत होतें, हें मात्र फारच थोड्या घरांतून ध्यानीं घेतलें जातें.

कचरा म्हणजे काय, याचा विचार येथून सुरू करणें सोयीचें आहे. कालचें वर्तमानपत्र कोरडें असेल तर रद्दीवाला तें पैसे मोजून नेतो. तेंच आमटींत भिजलें कीं फुकट देऊं केलें तरी तो हात लावीत नाहीं. कांचेची बाटली कितीही वेळां वितळवून पुन्हां कांचच होते. अॅल्युमिनियमचें भांडें आटवून नवें करावयास, खनिजापासून धातु काढण्यास लागणाऱ्या शक्तीच्या सुमारें ५ टक्केच शक्ति पुरते. कागदाचे तंतु दर खेपेस आंखूड होतात, तरीही पांच-सहा वेळां त्यांचा कागद होऊं शकतो. या सर्व वस्तु विकाऊ आहेत. त्यांच्यावर भाताची पेज आणि माशांचें पाणी सांडलें म्हणजे त्यांची किंमत जाते, आणि उलट बाजूनें त्या पेजेंत ब्लेडचा तुकडा व दुधाच्या पिशवीचा कोपरा मिसळला म्हणजे तिचें खतही होत नाहीं. वस्तु वाईट नसतात. त्यांची मिसळ वाईट असते. ही मिसळ बहुतेक वेळां कारखान्यांत किंवा बाजारांत होत नसून घरांतील एकाच बादलींत होते.

पूर्वीच्या घरांत ही बादलीच नव्हती. चुलीची राख भांड्यांना, खरकटें गोठ्यांत, सोडणें आणि करवंट्या बंबाखालीं, झावळ्यांचे झाप आणि हिरांचे खराटे. जुनीं लुगडीं गोधडींत जात, आणि गोधडींतूनही जीं उरत तीं बोहारणीच्या पाटींत जाऊन त्यांच्या बदल्यांत घरांत वाटी-पेला येई. यावरून जुनीं माणसें फार दूरदर्शी होतीं असा निष्कर्ष काढण्याचें कारण नाहीं. टाकण्याजोगें त्यांच्याजवळ फारसें कांहीं नव्हतें, एवढाच त्याचा अर्थ. गाय गेली, चुलीच्या जागीं गॅस आला, दूध पिशवींतून येऊं लागलें, आणि उकिरड्यावर कधींही न कुजणाऱ्या वस्तु पडूं लागल्या. उकिरडा होता तेथेंच राहिला. त्यांत पडणारें मात्र बदललें.

रत्नागिरीसारख्या ठिकाणीं ही गोष्ट विशेष जपण्याची आहे. येथील जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, वरून पडलेलें पाणी तो भराभर आंत घेतो. वर्षाकांठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. उघड्यावर सांचलेल्या मिश्र कचऱ्यांतून झिरपणारें काळें पाणी अशा जमिनींतून उतारावरील विहिरीस पोंचावयास फार दिवस लागत नाहींत. जें झिरपत नाहीं तें वाहतें. आळींतील गटारांतून पऱ्ह्यांत, पऱ्ह्यांतून खाडींत, आणि भाट्याच्या मुखांतून समुद्रांत. पावसाळ्यानंतर मांडवीच्या किनाऱ्यावर समुद्र जें परत आणून टाकतो, त्यांत शंख-शिंपल्यांपेक्षां बाटल्यांचीं बुचें अधिक सांपडतात. २६ जुलै २००५ रोजीं मुंबई पाण्याखालीं गेली त्या वेळीं नाले तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्यांचें नांव पुढें आलें. पुढें २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें राज्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालण्यांत आली. बाजारांत कापडी पिशवी घेऊन जाण्याची जुनी संवय तिनें कित्येक घरांत परत आणली, हें मान्य केलें पाहिजे. पण खरकट्याचा प्रश्न कोणत्याही बंदीनें सुटणारा नाहीं. आणि आपल्याकडील शहरांच्या कचऱ्यांत निम्मा किंवा त्याहून अधिक भाग खरकट्याचाच असतो.

तेव्हां खरकट्याचें काय होतें तें थोडें खोलांत पाहूं. कुजणें हें सूक्ष्म जंतूंचें काम आहे. या जंतूंना कर्ब आणि नत्र हीं दोन्ही लागतात, आणि तींही ठराविक प्रमाणांत. नत्र एक भाग असेल तर कर्ब सुमारें तीस भाग. खरकट्यांत नत्र अधिक आणि पाणी तर फारच अधिक. पातेऱ्यांत कर्ब भरपूर, पाणी जवळजवळ नाहीं. नुसतें खरकटें सांचविलें कीं त्यांतील हवा कोंडते, हवेवांचून जगणारे जंतु माजतात व दुर्गंधि सुटते. नुसता पातेरा वर्षभर तसाच पडून राहतो. एक बादली खरकट्यास दोन-तीन बादल्या चुरलेला पातेरा असें थरावर थर घातले म्हणजे पानें पाणी शोषून घेतात, थरांत हवा खेळती राहते, आणि चार-सहा दिवसांतच ढिगाच्या पोटांत हात घालवत नाहीं इतकी उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता ५५ ते ६० अंशांपर्यंत चढते. माशांच्या अळ्या आणि तणांचें बीं तींत मरून जातें. आंब्या-फणसाचें पान चिवट असतें, म्हणून तें तुडवून घालावें. मूठभर माल दाबला असतां बोटें ओलीं व्हावींत, पाणी गळूं नये, ही ओलाव्याची परीक्षा. वास आला कीं पातेरा कमी पडला असें समजावें. यापलीकडे या शास्त्रांत गृहिणीस अवघड असें कांहीं नाहीं.

या पद्धतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास होळकरांच्या इंदुरांत झाला. १९२४ सालीं तेथें निघालेल्या संशोधनसंस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं शेतांतील काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर रचून, तीन वेळां उलथापालथ करून सुमारें तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसविली. त्या दोघांचें पुस्तक १९३१ सालीं प्रसिद्ध झालें आणि ‘इंदूर पद्धति’ हें नांव पुढें सर्व जगांत गेलें. कोंकणाच्या दृष्टीनें त्यांतील एक लहानशी सूचना फार मोलाची आहे: पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी भरतें, म्हणून तेव्हां जमिनीवर ढीग रचावा. इंदुरास जें चार महिने खरें, तें रत्नागिरीस दुप्पट खरें आहे. तरीही शाळेंत, सोसायटींत, जेथें जेथें खताचा उत्साह येतो तेथें पहिल्यानें कुदळ घेऊन खड्डाच खणतात. मृगाच्या पहिल्या सरींत तो भरतो, आणि आषाढांत त्याच्या वासानें सर्व मंडळी खतास विटतात. येथें हवा जांभ्याच्या चिऱ्यांचा वीतभर उंच ओटा, बाजूंस हवेसाठीं फटी ठेवून रचलेले चिरे, आणि वर झापांचें किंवा पत्र्याचें छप्पर. पावसाळ्यांत पातेरा मिळत नाहीं. तो फाल्गुन-चैत्रांतच पोत्यांत भरून कोरड्या जागीं ठेवला पाहिजे. ज्याला काडी लावतात तीच ही बेगमी.

माशांचें खवलें व आंतडीं ढिगांत घालूं नयेत; मांजरें ढीग विसकटतात. नारळाच्या आळ्यांत हातभर खोल पुरलीं तर माड तीं निमूटपणें संपवितो, हें दर्यावर्दी वस्तीस सांगावयास नको. आंब्याची कोय लवकर कुजत नाहीं. परंतु ताज्या कोयी कोयकलमांसाठीं रोपवाटिकांना लागतात, आणि मे महिन्यांत चाकरमानी मंडळींनीं घर भरलें असतां एकेका आळींत त्यांच्या पाट्याच्या पाट्या निघतात. नारळाचीं सोडणें झाडांच्या बुंध्याशीं उपडीं घातलीं तर उन्हाळ्यांत ओल टिकून राहते.

यावर एक आक्षेप घरोघर ऐकूं येतो, आणि तो अगदींच खोटा नाहीं. आम्हीं घरीं ओला-सुका निराळा करावा, आणि गाडींत दोन्ही एकत्र ओतावें, तर श्रम कशाला? २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरांतच करण्याचें बंधन घातलें. रस्त्यावर कचरा जाळण्यास व गटारांत टाकण्यास मनाई केली. नियम झाला तरी गाडी तीच राहूं शकते. पण खरकटें आळीबाहेर गेलेंच नाहीं तर गाडींत मिसळावयास उरतें काय? कोरडा कागद, पुठ्ठा, कांच, पत्रा आणि प्लास्टिक एका पोत्यांत पडलें तरी तें पुन्हां निवडतां येतें. म्हणून घराघरांतील बादल्यांच्या रंगाइतकेंच आळींतील एका ओट्याला महत्त्व आहे.

असें घडूं शकतें याचा दाखला फार दूर नाहीं. वेंगुर्लें हें १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें. २०११ च्या खानेसुमारींत त्याची वस्ती सुमारें १२,००० आणि रत्नागिरी शहराची सुमारें ७६,०००. २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असतां त्या गांवानें कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार निवडण्यास सुरुवात केली. ओल्यापासून जळाऊ वायु, पातेऱ्याच्या दाबून केलेल्या जळाऊ विटा, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत. जेथें पूर्वी नाकाला पदर लावून जावें लागे त्या जागेची बाग झाली, आणि ती पाहण्यास लोक तिकीट काढून येऊं लागले. लहान गांवास तें सोपें गेलें असें म्हणतां येईल. पण रत्नागिरीची एक आळी वेंगुर्ल्याहून पुष्कळच लहान आहे.

निवडण्याचें काम हातांनीं होतें, ही गोष्ट सुशिक्षित घरांच्या सहसा नजरेस येत नाहीं. पुण्यांत १९९३ सालीं कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यांतूनच पुढें ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली व २००८ पासून ती महानगरपालिकेशीं करार करून दारोदार कचरा घेऊं लागली. या कामांत स्त्रियाच बहुसंख्य. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे तें पुडकें कोणास उघडावें लागणार नाहीं, ही मागणी त्यांच्याकडून आली. फुटकी कांच निराळी बांधणें, इंजेक्शनची सुई डब्यांत बंद करणें, दुधाची पिशवी कापतांना कोपरा पिशवीस लागलेलाच ठेवून ती धुऊन वाळविणें, या कामांस घरांत मिनिटभरही लागत नाहीं. चकचकीत पुड्यांचें मात्र कांहीं होत नाहीं. प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांस चिकटविलेले असल्यानें भंगारवालाही त्या घेत नाहीं. त्या विकत न घेणें हाच त्यावर एक इलाज.

शिवाजीनगर, नाचणें, कुवारबाव या भागांतील इमारतींस परसूं नाहीं. त्यांच्याकडे खरकटें आहे, पातेरा नाहीं. खालच्या आळ्यांतून पातेरा आहे आणि तो जळतो आहे. चार पोतीं पातेरा इमारतीच्या ओट्यावर पोंचविण्यास एका रिक्षाची एक फेरी पुरेल. फाल्गुनांत रचलेला ढीग दर पंधरवड्यास खालीं-वर केला तर ज्येष्ठांत, पडवळ, दोडकीं आणि काकडीचे वेल लावण्याच्या वेळीं, चाळून घेण्याजोगा होतो.