तिकिटावरचं 'बोर्डिंग' म्हणजे काय? हिंगोलीचं तिकीट काढून परभणीला चढलात, तर सीट जाऊ शकते!

घरातल्या आजोबांना सांगून बघा, "माझं बोर्डिंग हिंगोलीला आहे." ते विचारतील, "म्हणजे, तिथं शिकायला राहणार का?" कारण त्यांच्या पिढीसाठी बोर्डिंग म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात सुरू केलेलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे त्यातलं गाजलेलं नाव. आपल्याला मात्र हा शब्द भेटतो तो तिकिटावर.

मग वसतिगृहाचा आणि गाडीत चढण्याचा संबंध काय? मूळ शब्द 'बोर्ड', म्हणजे लाकडी फळी. फळीवरून जेवणाचं टेबल, टेबलावरून जेवण, म्हणून खाण्याची-राहण्याची सोय ते बोर्डिंग. (हॉटेलच्या पाटीवर 'बोर्डिंग-लॉजिंग' असतं ना? त्यात बोर्डिंग म्हणजे जेवण, लॉजिंग म्हणजे मुक्काम.) जहाजाच्या बाजूलाही 'बोर्ड' म्हणत, त्यामुळे जहाजावर चढणं म्हणजे बोर्ड करणं. पुढे तोच शब्द रेल्वे, बस, विमानाला लागला. रिक्षात बसलात तर मात्र 'रिक्षा बोर्ड केली' म्हणू नका.

आता मुद्द्याचं. रेल्वेच्या ई-तिकिटावर 'बुक्ड फ्रॉम' आणि 'बोर्डिंग ॲट' असं वेगवेगळं छापलेलं असतं. भाडं पहिल्या स्टेशनापासून लागतं, तुम्ही चढणार असता दुसऱ्यावरून. बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच नाव असतं, म्हणून आपण बघतच नाही.

2024 पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीहून सुटते. (रेल्वेच्या यादीत स्टेशनाचं नाव 'हिंगोली डेक्कन' आहे.) समजा, तुमचं हिंगोली ते मुंबई तिकीट आहे, पण आदल्या रात्री तुम्ही परभणीला पाहुण्यांकडे थांबलात. "तिकीट तर लांबचं आहे, परभणीला चढू की!" इथंच गडबड होते. टीटीईच्या यादीत तुम्ही हिंगोलीला चढणार असता. तिथं दिसला नाहीत की गैरहजर अशी नोंद होऊ शकते आणि सीट वेटिंगवाल्याला मिळू शकते. पूर्ण पैसे भरलेत, हे सांगून मग फारसा उपयोग होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. आयआरसीटीसीवर काढलेलं तिकीट असेल, तर चार्ट तयार होण्याआधी तिथंच 'चेंज बोर्डिंग पॉइंट' करा. हिंगोली ते परभणीचे पैसे परत मिळत नाहीत, पण सीट राहते. एक लक्षात ठेवा: बोर्डिंग परभणी केलं की हिंगोलीहून चढण्याचा हक्क संपतो. तरीही चढलात, तर तेवढ्या अंतराचं भाडं दंडासह भरावं लागतं.

विमानाचं गणित वेगळं. नांदेडहून उडणार असाल, तर बोर्डिंग पासवरची बोर्डिंगची वेळ ही विमान सुटण्याची नसते, आत चढायला सुरुवात होण्याची असते. गेट साधारण 20-25 मिनिटं आधीच बंद होतं. एसटीच्या सवयीने शेवटच्या क्षणी धावत पकडायची सोय तिथं नाही.