पॅनेलबांधणी, लाकडी

लाकडी चौकटीच्या आतील कडांना खोबण पाडून तीत अखंड लाकडाची फळी (पॅनेल) सरस न लावता बसविण्याची पद्धत. कपाटे, पेट्या व दरवाजे यांत ती वापरतात. आर्द्रतेनुसार फुगण्यास व आकसण्यास फळीला वाव देणे हा तिचा मुख्य हेतू असून शोभा हा दुय्यम लाभ होय. यूरोपात पंधराव्या शतकापासून ती लाकडी सामानात रूढ झाली.

लाकडातील पाण्याचे प्रमाण सु. ३० टक्क्यांखाली गेले की, कोशिकाभित्तींतील पाणी घटून लाकूड आकसू लागते. मात्र सर्व दिशांना सारखे नव्हे. ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क होईपर्यंत साग वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेत सु. ५·८%, तर त्रिज्येच्या दिशेत सु. २·५% आकसतो. तंतूंच्या लांबीत ही घट नगण्य असते. त्यामुळे चौकटीची पट्टी लांबीत जवळजवळ स्थिर राहते; फळीची रुंदी मात्र बदलते. स्पर्शरेषीय कापाच्या ४० सेंमी. रुंद सागवानी फळीतील पाण्याचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आल्यास तिची रुंदी सु. ४·५ मिमी. कमी होते. कोकणात पावसाळ्यात बनविलेले कपाट विदर्भातील उन्हाळ्यात गेले, तर असा बदल अनपेक्षित नाही. फळी चारही बाजूंनी चिकटविलेली असल्यास ती तडकते. उलट, उन्हाळ्यात घट्ट बसविलेली फळी पावसाळ्यात फुगून चौकटीचे सांधे उघडते.

म्हणून खोबणीत किती जागा सोडावी, हे काम कोणत्या ऋतूत चालले आहे त्यावर ठरते. कोरड्या हवेत फळीच्या दोन्ही बाजूंस फुगण्यापुरती जागा ठेवतात; पावसाळ्यात ती थोडी पुरते, पण फळी आकसल्यावरही खोबणीबाहेर येणार नाही इतकी आत शिरलेली असावी लागते. वरच्या व खालच्या आडव्या पट्टीत फळीच्या मध्यावर एकेक बारीक खिळा मारल्यास ती दोन्हीकडे सारखीच सरकते. फळीला कडांसह पॉलिश जोडणीपूर्वीच करावे. नाहीतर ती आकसल्यावर कडेला बिनरंगाची रेघ उघडी पडते. पॉलिशने आर्द्रतेची ये-जा मंदावते, थांबत नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. फार रुंद दारांत मध्ये उभी पट्टी घालून दोन फळ्या बसविणे इष्ट असते. प्लायवुडमध्ये लगतच्या थरांचे तंतू परस्परांना काटकोनात असल्याने ही दक्षता सहसा घ्यावी लागत नाही.