हरवलेले चिन्ह

अकरावीच्या वर्गात एक साधे उदाहरण घालून पाहावे : टॅन थीटा = ३/४ आणि थीटा हा कोन तिसऱ्या चरणात आहे; तर साइन थीटा व कोसाइन थीटा काढा. बरेच विद्यार्थी लगेच काटकोन त्रिकोण काढतील. समोरची बाजू ३, लगतची बाजू ४, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयानुसार कर्ण ५. उत्तर : साइन ३/५, कोसाइन ४/५. एखादा चौकस विद्यार्थी पडताळाही घेईल. वर्गांची बेरीज ९/२५ + १६/२५ = १. साइनला कोसाइनने भागले की ३/४. दोन्ही पडताळे जुळतात. तरीही उत्तर चूक आहे!

असे का व्हावे? काटकोन त्रिकोणातील लघुकोन ० ते ९० अंशांच्या दरम्यान असतो. तिसऱ्या चरणातील कोन १८० ते २७० अंशांच्या दरम्यानचा. तो या त्रिकोणात मावतच नाही. म्हणून व्याख्या विस्तारावी लागते. आरंभबिंदू केंद्र धरून ५ एकक त्रिज्येचे वर्तुळ काढा. कोनाचा अंतिम किरण वर्तुळाला ज्या बिंदूत छेदतो, त्याचे निर्देशक (क्ष, य) माना. आता साइन म्हणजे य/५, कोसाइन म्हणजे क्ष/५ आणि टॅन म्हणजे य/क्ष.

टॅन ३/४ असलेले बिंदू या वर्तुळावर दोन आहेत : (४, ३) आणि (−४, −३). भागाकारात दोन्ही ऋण चिन्हे निघून जातात, आणि वर्ग केला तरी चिन्ह उरत नाही. म्हणूनच वरचे दोन्ही पडताळे या दोन बिंदूंत फरक करू शकत नाहीत. तो फरक फक्त चरण सांगतो. तिसऱ्या चरणात क्ष व य दोन्ही ऋण, म्हणून साइन −३/५ व कोसाइन −४/५.

थोडक्यात, त्रिकोण आकडा देतो आणि चरण चिन्ह देतो. साइन ३/५ दिले असेल तर (४, ३) व (−४, ३) हे दोन बिंदू मिळतात. दुसरे चरण सांगितले की कोसाइन −४/५ व टॅन −३/४ ठरते. मात्र दिलेले गुणोत्तर आणि चरण यांचा मेळ बसायला हवा. कोसाइन −५/१३ आणि चरण पहिले, असा कोनच नसतो.

ही विभागणी आपल्याकडे जुनी आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या, अंतराने २४ ज्यांचे फरक दिले. ते फक्त पहिल्या चरणापुरते. पुढची चरणे हाताळताना भारतीय ज्योतिषी चरणाला 'पद' म्हणत आणि पद विषम आहे की सम, हे पाहून तेच कोष्टक वापरत.

चिन्ह हरवल्याची किंमत वर्गाबाहेर अधिक मोठी असते. समजा, एक नाव बंदरापासून ४ किलोमीटर पश्चिमेला व ३ किलोमीटर दक्षिणेला अडकली आहे. तिची दिशा काढण्यासाठी −३ ला −४ ने भागून गणकयंत्रावर टॅनवरून कोन काढला, तर सुमारे ३६.८७ अंश मिळतात. पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजल्यास खरी दिशा २१६.८७ अंश आहे. मदतीची बोट नेमकी विरुद्ध दिशेला जाईल! म्हणूनच फोरट्रान या संगणकभाषेत 'एटॅन-२' हे वेगळे फल आहे. ते भागाकार न घेता दोन्ही संख्या त्यांच्या चिन्हांसह घेते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. असे उदाहरण प्रथम चरण न सांगता द्यावे. विद्यार्थ्यांना वर्तुळावरचे दोन्ही बिंदू शोधू द्यावेत, कोणता खरा यावर वाद घालू द्यावा. मग चरण सांगावे. कोणत्या चरणात काय धन आणि काय ऋण, याचे कोष्टक त्यानंतर पाठ करण्याची गरज उरणार नाही.