ऊन खिडकीबाहेरच अडवावे

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला गोंदिया जिल्हा भातशेती, तलाव आणि वनसंपदा यांसाठी ओळखला जातो. तलावांच्या या मुलखालाही उन्हाळ्याची झळ चुकलेली नाही. मे महिन्यात येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. हिवाळ्यातील काही रात्री तो १० अंशांच्याही खाली उतरतो. मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि खाली उतरलेली छपरी यांच्या बळावर कवेलूंची जुनी घरे या दोन्ही ऋतूंना तोंड देत असत. आता सिमेंटच्या स्लॅबची घरे वाढली आहेत. खिडक्या मोठ्या झाल्या, त्यांना काचा आल्या; पण त्यांवर सावली धरणारी छपरी राहिली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कूलर आणि वातानुकूलन यंत्रे अधिक काळ चालवावी लागतात व विजेचे देयक वाढते. ज्यांच्याकडे ही साधने नाहीत, त्या घरांतील वृद्ध, बालके व आजारी माणसे यांच्यासाठी तर हा प्रकृतीचाच प्रश्न ठरतो.

पडदा आत की बाहेर?

काच ऊन आत येऊ देते. ते फरशीवर व भिंतींवर पडले की त्याची उष्णता होते. ही उष्णता काचेतून सहजासहजी परत जात नाही. खिडकीच्या आतून लावलेला पडदा उजेड अडवितो. परंतु तोवर ऊन काच ओलांडून आलेले असते. पडदा तापतो आणि खोलीही तापवितो. तेच आवरण बाहेरून लावल्यास ते तापले तरी आपली उष्णता बहुतांशी बाहेरच्या हवेत सोडते. म्हणून उन्हाळ्यासाठी आवरण निवडताना ते कोणत्या कापडाचे आहे, यापेक्षा ते कोठे लावले जाते, याला अधिक महत्त्व आहे. आतूनच लावणे भाग असल्यास काचेकडील बाजू पांढरी असलेला जाड पडदा घ्यावा. तो काही ऊन परतवितो.

पश्चिमेची खिडकी प्रथम

गोंदिया शहर सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्ही येथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून त्या दिवसांत थेट ऊन फारसे येत नाही. सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून मात्र तिरपे ऊन सरळ आत शिरते. आखूड सज्जा ते अडवू शकत नाही. पश्चिमेचे ऊन येते तेव्हा हवाही सर्वाधिक तापलेली असते. एकाच खिडकीपुरता पैसा हाताशी असेल, तर तो पश्चिमेच्या खिडकीवर खर्च करावा.

बांबूची चिक आणि वाळ्याची ताटी

यासाठी बांबूची चिक हे सोपे साधन होय. बुरूड कारागीर ती विणून देऊ शकतात. वनक्षेत्राबाहेरील बांबूला २०१७ च्या कायदादुरुस्तीने वृक्षाच्या व्याख्येतून वगळले असल्याने शेताच्या बांधावरील बांबूचाही यासाठी उपयोग होऊ शकतो. चिक आणि खिडकी यांत चार बोटांचे अंतर ठेवावे, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते.

विदर्भाला परिचित असलेली वाळ्याची ताटी याहून एक काम अधिक करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. ओल्या ताटीतून येणारा वारा म्हणूनच गार लागतो. कोरड्या हवेत हा उपाय गुणकारी आहे. पावसाळ्यात हवा दमट होताच तो निरुपयोगी ठरतो. तेव्हा ताटी काढून, वाळवून ठेवावी. समोरच्या बाजूची एखादी खिडकी थोडी उघडी न ठेवल्यास खोलीत केवळ दमटपणा वाढतो.

दिवस-रात्रीचा क्रम

दिवसा बाहेरची हवा तापली असताना खिडक्या झाकाव्यात. रात्री ती निवल्यावर पूर्ण उघडाव्यात. डासांसाठी जाळी बसविलेली असेल, तरच हे निर्धास्तपणे करता येते. हिवाळ्यात क्रम उलटा असतो. दक्षिणेकडून येणारे ऊन दिवसा घरात येऊ द्यावे आणि सूर्यास्तानंतर चौकटीच्या कडा झाकणारा जाड पडदा ओढावा. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिचा विषारी वायू जीवघेणा ठरतो.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. भिंती व खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेवर तिने मर्यादा सुचविली आहे. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. ऊन बाहेर अडले, तर हा एक अंश सहज वाढविता येतो.

स्लॅबमधून उतरणारी उष्णता खिडकीच्या आवरणाने थांबत नाही. त्यासाठी छतावर पांढरा चुना देणे यांसारखे उपाय वेगळे करावे लागतात. तथापि, अंगणवाडी, शाळा आणि ग्रामपंचायत कार्यालय यांच्या पश्चिमेच्या खिडक्यांवर फाल्गुनातच चिका लागल्या, तर गावकऱ्यांना या उपायाचा प्रत्यय येईल आणि बुरुडांच्या हातांना कामही मिळेल.