वहीतले वेळापत्रक आणि रस्त्याचे वळण

दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालो की सारंगखेड्याजवळ तापीचा पूल लागतो. अलीकडे-पलीकडे सारा सपाट मुलूख. शहादा मागे टाकून तोरणमाळची वाट धरली की मात्र सातपुड्याचा घाट सुरू होतो. समजा, या संपूर्ण रस्त्याचा आराखडा एकाच कार्यालयात, एकाच संगणक-आज्ञावलीने करायचा आहे. आज्ञावलीला कोणते नियम सर्वांसाठी एकदाच सांगावेत आणि कोणते प्रत्येक तुकड्याच्या फाइलीत वेगळे द्यावेत? प्रश्न कारकुनी वाटतो, पण वळणावरच्या गाडीची सुरक्षितता त्यात गुंतलेली आहे.

वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्त्याचा बाहेरचा काठ आतल्यापेक्षा उंच ठेवतात. या आडव्या उताराला आणि टायरच्या घर्षणाला मिळून गाडी वळवायची असते. त्यावरून वळणाची किमान त्रिज्या अशी निघते :

त्रिज्या (मीटर) = वेग × वेग ÷ [१२७ × (उतार + घर्षणांक)]

वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्यायचा. १२७ हा आकडा म्हणजे ९.८१ गुणिले ३.६ चा वर्ग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या मानकात घर्षणांक ०.१५ धरला होता. उताराची कमाल मर्यादा सपाट प्रदेशात ७ टक्के, तर बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात १० टक्के होती. सपाटीवर उंच भरलेल्या, सावकाश चालणाऱ्या गाड्या असतात. उतार फार झाला तर त्या आतल्या बाजूला कलंडतील. घाटात मात्र लहान वळणे टाळता येत नाहीत.

आता ताशी ८० किलोमीटर वेगासाठी गणित करू. ७ टक्क्यांना त्रिज्या सुमारे २२९ मीटर येते, १० टक्क्यांना सुमारे २०२ मीटर. घाटाची मर्यादा चुकून सपाटीच्या फाइलीत राहिली, तर २१० मीटरचे वळण आज्ञावली बिनतक्रार मान्य करील. उलट ७ टक्के घाटात लादले, तर ताशी ४० च्या वळणाला ५० ऐवजी ५७ मीटर त्रिज्या लागेल आणि डोंगर विनाकारण जास्त कापावा लागेल.

म्हणजे सारे नियम प्रत्येक फाइलीत वेगळे ठेवावेत का? तसेही नाही. शाळेच्या फलकावरचे वेळापत्रक मुले वहीत उतरवून घेतात. फलकावर तास बदलला तरी वहीत तो आपोआप बदलत नाही. 'सिव्हिल ३डी' या आज्ञावलीत नेमके हेच घडते. नवी फाइल नमुना-फाइलीवरून तयार होते, पण पुढे नमुन्यात केलेला बदल जुन्या फाइलीपर्यंत पोहोचत नाही. मानक सुधारले, नमुनाही सुधारला, तरी जुनी फाइल जुन्याच आकड्यांवर चालत राहते. याच आज्ञावलीत वरच्या पातळीवरील मूल्याला कुलूप लावण्याचीही सोय आहे. मग खालच्या पातळीवर ते बदलता येत नाही. पण कुलूप कशाला लावायचे, हे माणसानेच ठरवायचे.

ते कसे ठरवावे? दुसरे उदाहरण पाहू. नकाशासाठीच्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे पट्टे पाडतात. धुळे ४३ व्या पट्ट्यात येते, नागपूर ४४ व्या. सुरत–धुळे–नागपूर महामार्ग (पूर्वीचा ६, आता ५३) अमरावती ते नागपूर या टप्प्यात ७८ अंश रेखांश ओलांडतो आणि पट्टा बदलतो. पट्ट्याचा क्रमांक एकाने चुकला, तर तेच निर्देशांक आपल्या अक्षांशावर सहाशे किलोमीटरहून दूरची जागा दाखवतात! म्हणून हा क्रमांक साऱ्या कार्यालयासाठी कायम करून चालत नाही, आणि एकाच कामाच्या फाइलींत तो वेगवेगळा ठेवूनही चालत नाही. तो त्या त्या कामापुरता एक असावा.

यातून एक साधे सूत्र हाती लागते : नियमाचे कारण जिथे आहे, तिथे नियम ठेवावा. मीटर हे एकक सर्वांचे, म्हणून ते सामायिक. उताराची मर्यादा भूप्रदेशावरून ठरते, म्हणून ती त्या तुकड्याची. आणि जिथे नक्कल केली, तिथे तिची तारीख नोंदवावी.

वरचे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. उतार ४, ७ आणि १० टक्के घेऊन त्यांच्याकडून तक्ता करून घ्यावा. मग विचारावे, यातला कोणता आकडा आपल्या गावच्या रस्त्याचा, आणि का?