डच कंपन्यांची नावे आणि करारातील शब्द

भाजीपाल्याचे संकरित बियाणे व हरितगृहाची सामग्री यांत नेदरलँड्स (हॉलंड) हा देश आघाडीवर आहे. जुन्या मराठी कागदांत या लोकांना ‘वलंदेज’ म्हणत. आपल्या शेजारच्या जालन्यातील ‘बेजो शीतल’ या नावातला ‘बेजो’ शब्द तिकडचाच. बेम्स्टरबूर व योंग या दोन आडनावांची आद्याक्षरे जोडून तो झाला. ‘झाडेन’ म्हणजे बियाणे. आपल्या झाडाशी त्याचा संबंध नाही! अशी नावे भाषांतरित करू नयेत. ‘राइक झ्वान’ हे संस्थापकाचे नाव आहे. शब्दशः अर्थ घेतल्यास ‘श्रीमंत हंस’ होईल आणि करारातला पक्षच बदलेल.

नावापुढील अक्षरांचा अर्थ मात्र समजून घ्यावा. ‘बी.व्ही.’ म्हणजे आपल्याकडील प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी. ‘एन.व्ही.’चा शब्दशः अर्थ ‘बिननावाची कंपनी’ असला तरी ती आपल्या पब्लिक लिमिटेडच्या जवळची आहे. दोन्हींत भागधारकाची जबाबदारी भागापुरतीच असते. १ ऑक्टोबर २०१२ पासून बी.व्ही.साठी १८,००० युरो किमान भांडवलाची अट उरलेली नाही. म्हणून बी.व्ही. दिसले की कंपनी मोठी, असे समजू नये. ‘व्ही.ओ.एफ.’ ही भागीदारी पेढी. तिच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतः बांधील असतो.

‘बी.व्ही. आय.ओ.’ असे लिहिले असल्यास विशेष जपावे. याचा अर्थ कंपनी अजून स्थापन व्हायची आहे. स्थापनेनंतर कंपनी करार मान्य करीपर्यंत सही करणारी व्यक्तीच जबाबदार राहते. उत्पादक कंपनीच्या संचालकांनी आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी समोरच्याचा आठ अंकी ‘के.व्ही.के.’ क्रमांक मागावा. (हे आपले कृषी विज्ञान केंद्र नव्हे, तेथील व्यापार नोंदणी कार्यालय होय.) नोंदीतील नाव व सही करणाऱ्याचा अधिकार ताडून पाहावा.

‘क्वेकर्सरेख्ट’ या शब्दाचे भाषांतर ‘उत्पादकाचा हक्क’ असे केल्यास घोटाळा होतो. तो वाण पैदासकाराचा हक्क आहे. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बियाणे राखता, पेरता, देवघेव करता व विकताही येते. फक्त ब्रँडचे लेबल लावून विकता येत नाही.

शेवटी, कोणत्या भाषेतील मसुदा ग्राह्य धरला जाईल आणि वाद कोठे चालेल, ही दोन कलमे सहीपूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावीत.